डब्ल्यूएसयूएस: फुकट आहे, पण राबवून घेतो

डब्ल्यूएसयूएस (विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस) म्हणजे ऑफिसातल्या पीसींना मायक्रोसॉफ्टचे अपडेट वाटणारी विंडोज सर्व्हरमधली सोय. विंडोज सर्व्हरचं लायसन्स असलं की तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. अपडेट एकदाच सर्व्हरवर उतरतात आणि तिथून ऑफिसभर जातात, त्यामुळे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे पॅच (दुरुस्त्या) आले की इंटरनेटची लाइन गुदमरत नाही. पन्नास-शंभर पीसींच्या ऑफिसला एवढं पुरतं.

बसवताना मात्र हात आखडता ठेवा. कोणत्या सॉफ्टवेअरचे अपडेट हवेत त्या यादीत, म्हणजे प्रॉडक्ट्समध्ये, ऑफिसात खरोखर असलेल्या आवृत्त्यांवरच टिक करा. ड्रायव्हर्सवर नकोच, डेटाबेस फुगतो. ग्रुप पॉलिसीत (सगळ्या पीसींना एकदम सेटिंग देण्याची विंडोजची सोय) सर्व्हरच्या पत्त्यापुढे पोर्ट ८५३० लिहायचा राहिला, तर पीसी कन्सोलवर, म्हणजे डब्ल्यूएसयूएसच्या नियंत्रण-खिडकीत, येतच नाही. एकाच इमेजवरून क्लोन केलेल्या पीसींचा सस-क्लायंट-आयडी (डब्ल्यूएसयूएस पीसी ओळखतो तो क्रमांक) सारखा असतो. मग चाळीस पीसींच्या जागी एकच नाव आलटून पालटून दिसतं. रजिस्ट्रीतून तो आयडी उडवला की नवा तयार होतो.

खरी डोकेदुखी आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरमधला डब्ल्यूएसयूएस-पूल, म्हणजे डब्ल्यूएसयूएस ज्यात चालतो ती प्रक्रिया. त्याची मेमरी मर्यादा मुळात १८,४३,२०० केबी, म्हणजे पावणेदोन जीबीच्या आसपास. ती ओलांडली की पूल बंद पडतो आणि कन्सोल ‘रीसेट सर्व्हर नोड’ म्हणत बसतो. सर्व्हरला रॅम असेल तर मर्यादा ४ जीबीच्या वर न्या, क्यू लेंग्थ (रांगेत थांबू शकणाऱ्या विनंत्यांची संख्या) १००० वरून २००० करा. जुने, बाद झालेले अपडेट दर महिन्याला डिक्लाइन (नामंजूर) करून क्लीनअप विझार्ड चालवा. हे टाळलं की काही महिन्यांत कन्सोल उघडायलाच चहा पिऊन होतो.

नव्या अपडेटना अप्रूव्हल (मंजुरी) आधी चार-पाच पीसींच्या गटाला द्या. त्यात बिलिंगचा आणि प्रिंटर जोडलेला पीसी हवाच. दोन-तीन दिवसांत काही बिघडलं नाही तर बाकीच्यांना. त्याहून जास्त रेंगाळू नका: फायली लॉक करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसने वापरलेल्या विंडोजमधल्या सुरक्षेच्या भोकाचा पॅच १४ मार्च २०१७ला आला होता, आणि १२ मेला हल्ला झाला तेव्हाही असंख्य मशीनवर तो पडलेला नव्हता.

गंमत म्हणजे ऑक्टोबर २०२५मध्ये भोक खुद्द डब्ल्यूएसयूएसलाच निघालं. लॉगिन न करता सर्व्हरवर कोड चालवता येत होता. १४ तारखेचा पॅच अपुरा ठरला, २३ तारखेला दुसरा काढावा लागला. तेव्हा हा सर्व्हर सर्वांत आधी अपडेट करा, आणि त्याचे पोर्ट ८५३०, ८५३१ इंटरनेटवरून उघडे ठेवू नका.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४मध्येच यात नवं काही येणार नाही असं जाहीर केलंय. सपोर्ट चालू आहे. घरून काम करणारे लॅपटॉप जास्त असतील तर इंट्यून (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरून पीसी सांभाळणारी सेवा) बघा. क्रोम, सेव्हन-झिप, टॅली हे डब्ल्यूएसयूएस आपणहून सांभाळत नाही. आणि प्रॉडक्ट्समध्ये एमएस ऑफिसवर टिक नसेल, तर वर्षभर पॅच न पडलेलं एक्सेल असलेला पीसीही कन्सोलवर १०० टक्के अपडेट झालेला दिसतो.