ओळखीचे शब्द नव्याने शिकवणारी डिक्शनरी

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये मी निर्यातीची कागदपत्रं आणि मेल बघते. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. पाठांतर चांगलं होतं, शब्द पुष्कळ यायचे. पण वाक्य मनात मराठीतच तयार व्हायचं. ‘दराविषयी चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट द रेट’. ‘आम्हाला तारीख सुचवा’ म्हणून ‘सजेस्ट अस अ डेट’. नेदरलँड्सच्या ग्राहकाला अर्थ कळायचा, माल जायचा, त्यामुळे चूक कुणी दाखवली नाही. एका हंगामात साहेबांनी माझ्या मेलची प्रिंट काढून लाल पेनाने खुणा केल्या आणि कपाटातली ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ माझ्या टेबलावर आणून ठेवली.

मी आधी अवघड शब्द शोधत बसले. महिनाभर वहीत उतरवले, मेलमध्ये त्यातला एकही लागला नाही. मग ‘सजेस्ट’ काढून पाहिला, आणि खरा उपयोग तिथून सुरू झाला. सुचवायची गोष्ट आधी, माणूस नंतर ‘टू’ लावून, हे तिथे सांगितलेलं आहे. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. कोणाशी बोललो ते सांगायला ‘विथ’. ‘इक्विपमेंट’ काढला तर शेजारी न मोजता येणाऱ्या नामाची ‘यू’ ही खूण. म्हणजे मी इतके दिवस ‘कूलिंग इक्विपमेंट्स’ लिहीत होते! ‘ॲडव्हाइस’चंही तसंच. मराठीत आपण दोन सल्ले सहज देतो, म्हणून ही चूक कानाला खटकतच नाही.

मराठी अर्थ दिलेल्या खिशातल्या कोशात हे मिळालं नसतं. ‘सुचवणे’ हा अर्थ मला आधीपासून पाठच होता. शब्द वाक्यात कसा बसतो ते उदाहरणाच्या वाक्यातूनच दिसतं. म्हणून मी व्याख्येच्या आधी उदाहरणं वाचते. व्याख्याही जड नाहीत: रोजच्या वापरातल्या निवडक तीनएक हजार शब्दांच्या आधारावर त्या लिहिलेल्या असल्यामुळे एका शब्दासाठी आणखी चार शब्द शोधत बसावं लागत नाही.

ही डिक्शनरी मुळात आपल्यासारख्यांसाठीच झाली. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परभाषिक विद्यार्थ्याला क्रियापदाची रचना कळावी म्हणून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोश केला, आणि 1942 मध्ये तो पहिल्यांदा टोकियोत छापला गेला. ऑक्सफर्डने तो 1948 मध्ये काढला. हे कळल्यावर मला फार आधार वाटला. आपल्या चुका जगावेगळ्या नाहीत; जपानी मुलंही कुठेतरी अशीच अडली असणार.

धंद्यातले शब्द मात्र इथे शोधू नका. मणी गळण्याला आमच्याकडचे ग्राहक ‘शॅटर’ म्हणतात; असले अर्थ पॅकिंगच्या ओळीवरच शिकावे लागतात. आणि मराठी शब्दावरून इंग्रजी शोधायचं असेल तर मराठी-इंग्रजी कोश वेगळा लागेलच.

माझी रीत अशी. दिवसाला एकच शब्द, तोही आदल्या दिवशीच्या मेलमध्ये मी स्वतः वापरलेला. वहीत डिक्शनरीतलं एक वाक्य, खाली आमच्या कामाचं एक. ‘रिक्वेस्ट’ला तीन दिवस लागले, कारण नाम असताना पुढे ‘फॉर’ येतो आणि क्रियापद असताना येत नाही. आता त्या शब्दावर हात अडखळत नाही.

विकत घेणार असाल तर दहावी आवृत्ती 2020 ची आहे. पैसे वाचवायचे असतील तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत विचारा. 2005 ची सातवी किंवा त्यानंतरची असली की महत्त्वाच्या तीन हजार शब्दांपुढे किल्लीची खूण मिळेल. इंटरनेटवर ती फुकट बघता येते, उच्चारही ऐकू येतो. पुस्तक जड आहे, टेबलावरच राहतं. माझ्याकडे ते कॅल्क्युलेटरच्या शेजारी उघडंच असतं, सध्या ‘एक्स्पेक्ट’च्या पानावर.