लिंक छोटी करणारं घरगुती पान: सात महिन्यांनंतर

रिअ‍ॅक्ट नाही, दुसऱ्याने लिहिलेली कसलीही तयार लायब्ररी नाही. एक एचटीएमएल, एक सीएसएस आणि दीडेकशे ओळींची जावास्क्रिप्ट. लांब लिंक टाकायची, बटण दाबायचं, छोटी लिंक घ्यायची. पान दोन संध्याकाळी तयार झालं. सुधारणा मात्र अजून चालूच आहेत.

सगळ्यात जास्त फसवलं ते फेचने, म्हणजे सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या फंक्शनने. सर्व्हरने नकार दिला की कॅचमधला (चूक झाल्यावर चालणारा) कोड चालणार, असं मी धरून चाललो होतो. तसं होत नाही. फेचच्या लेखी 404 (सापडलं नाही) किंवा 500 (सर्व्हरमध्ये बिघाड) म्हणजेही 'उत्तर आलं'. नेटवर्क तुटलं किंवा कॉर्सने (दुसऱ्या साइटचं उत्तर वाचण्यावरच्या ब्राउझरच्या नियमाने) अडवलं, तरच तो एरर देतो. एके दिवशी मोफत मर्यादा संपली आणि लिंक छोटी करून देणाऱ्या बाहेरच्या सेवेच्या एपीआयकडून (कोडने तिच्याशी बोलायच्या दारातून) 429, म्हणजे 'फार विनंत्या झाल्या', यायला लागलं. माझं पान मात्र खुशाल हिरवी खूण दाखवत होतं, शेजारी लिंकच्या जागी 'अनडिफाइन्ड', म्हणजे 'काहीच नाही'. घरच्यांनी तेच कॉपी करून पुढे पाठवलंही! रिस्पॉन्सचं 'ओके' (विनंती यशस्वी झाली का ते) तपासायला एक ओळ लागते. ती पहिल्या दिवशी लिहिली नाही, एवढंच.

त्याहून छुपी चूक & या चिन्हाची. लिंक एन्कोड न करता (पत्त्यात खास अर्थ असलेली चिन्हं सुरक्षित रूपात न बदलता) एपीआयच्या पत्त्याला जोडत होतो, त्यामुळे पहिल्या & पुढचं सगळं गळत होतं. छोटी लिंक बनायची, उघडायचीही, पण मूळ पानावर निवडलेले फिल्टर गायब. पान उघडतंय म्हटल्यावर कोण तक्रार करणार? महिनाभर कळलंच नाही.

मोबाइलवरची फजिती माझ्याच आळसाची. चाचणीला नेहमी आखूड लिंक टाकायचो. खरी लांबलचक लिंक आली आणि पान आडवं सरकायला लागलं, कारण फ्लेक्समधला (सीएसएसच्या एका मांडणीतला) घटक आतल्या न तुटणाऱ्या मजकुरापेक्षा आपणहून अरुंद होत नाही. किमान रुंदी शून्य केली, ओव्हरफ्लो-रॅपला 'एनीव्हेअर' दिलं (मजकूर कुठेही तुटू दे), मिटलं. आयफोनवर इनपुटचा फाँट 16 पिक्सेलपेक्षा लहान असला की टॅप करताच पान झूम होतं, हेही तेव्हाच समजलं.

कॉपीचं बटण लॅपटॉपवर चाललं, त्याच वायफायवरच्या फोनवर मेलं. क्लिपबोर्ड एपीआय (कॉपी करायची ब्राउझरची सोय) फक्त एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) किंवा लोकलहोस्टवर (पान त्याच यंत्रावरून उघडलं तर) मिळतो. मी फोनवर साध्या आयपी पत्त्याने पान उघडत होतो. अर्धा दिवस कोडमध्ये दोष शोधला.

जुन्या लिंकांची यादी लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्याच साठ्यात ठेवली, हा निर्णय मला आता पटत नाही. सफारी वापरात असूनही सात दिवस त्या साइटला हात लागला नाही, तर असा डेटा पुसला जातो. यादीखाली आता फाइल उतरवून घ्यायचं बटण आहे, पण ते माझ्याशिवाय कुणी दाबत नाही.

आणि एपीआय की, म्हणजे ती सेवा वापरायची माझी गुप्त किल्ली! स्क्रिप्टमध्ये उघडी ठेवली होती, कुणीही सोर्स बघून उचलावी अशी. रद्द करून नवी घेतली आणि ती लपवायला पान आणि सेवेच्या मध्ये छोटा सर्व्हर घातला. म्हणजे 'फक्त तीन फाइली' हा माझा तोरा तिथेच संपला.