अंडी वाढवायचीत? गावठी कोंबडी की ग्रामप्रिया

नुसता आकडा बघितला तर प्रश्नच उरत नाही. परसात सोडलेली गावठी कोंबडी वर्षाला 50-60 अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेली ग्रामप्रिया ही जात परसातही दीडशेच्या घरात जाते.

गावठीचा वेळ जातो खुडूक बसण्यात. दहा-बारा अंडी घातली की ती डालग्यात फुगून बसते, हात घातला की चोच मारते. मग 21 दिवस उबवणं आणि पुढे पिल्लं सांभाळणं. तोवर अंडं बंद. अंडी रोज उचला. तरीही बसलीच, तर तिला तीन-चार दिवस उजेडातल्या मोकळ्या जाळीत ठेवा, खाली काड-गवत काही नको. लवकर परत अंडी घालू लागते. ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाही, त्यामुळे पिल्लं मात्र दरवेळी विकतच आणावी लागतात.

गावठी उकिरडा उकरून भागवते. ग्रामप्रियेला नुसत्या दादर ज्वारीवर ठेवलं तर अंडी घटणारच. थोडं लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) आणि शिंपल्यांचा चुरा हवाच.

मे महिन्यात दोघी सारख्याच. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास गेला की धापा टाकतात, खाणं सोडतात, कवच पातळ पडतं. सावली, गार पाणी, आणि खाद्य पहाटे नि सांजेला.

विक्रीसाठी मी ग्रामप्रियाच घेईन. पण गावठी अंड्याला दर जास्त मिळतो, तेवढं हिशेबात धरा.