एअर रायफल, बाराबोर की तीनशेपंधरा? सोलापूरकरांनी पैसे मोजण्याआधी

हुरड्याचे दिवस जवळ आले की सोलापूरकडच्या वस्त्यांवर एक प्रश्न हमखास निघतो: स्वस्तातली एखादी शिकारीची रायफल घेऊन टाकावी का? विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा रानडुक्कर असतं, कधी हरणांचा कळप, तर कधी नुसती नेमबाजीची हौस. तिघांची गरज वेगळी, पण दुकानात तिघांपुढेही तीच एअर रायफल येते आणि तेच वाक्य येतं: "अण्णा, लायसनची भानगडच नाही."

हे वाक्य अर्धंच खरं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर नळीच्या, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हनच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या जोराच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची, पावती घ्यायची, घरी आणायची. इथपर्यंत सगळं ठीक. पण परवाना लागत नाही तो बाळगायला. त्या बंदुकीने काय मारायचं याची सूट त्यात येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं ठार मारणं नव्हे. जखमी करणं, फासे लावणं, हाका घालणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. हत्याराची व्याख्याही तशीच ऐसपैस आहे. जनावराला इजा करू शकेल अशी कुठलीही वस्तू त्यात येते, मग तुमची बिनपरवान्याची एअर रायफल कशी सुटेल? काळवीट आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथे किमान तीन वर्षांची कैद आहे, जास्तीत जास्त सात. थोडक्यात, हरणांसाठी रायफल घ्यायचा विचार असेल तर तो इथेच सोडून द्या.

आता डुकराकडे येऊ, कारण खरा त्रास त्याचा आहे. भीमेकाठच्या उसात दिवसभर दडायचं आणि रात्री मका, भुईमूग नांगरून काढायचा, हा त्याचा धंदा. पीक नासवणाऱ्या रानडुकराला मारण्याची परवानगी वनखात्याकडून मिळू शकते, पण ती लेखी हवी, आपल्या शेतापुरती, आणि बंदूक परवान्याची हवी. मारलेलं जनावर खात्याच्या ताब्यात द्यायचं. मटणाचा बेत करणारे पुढे तुरुंगाचे पाहुणे होतात.

परवानगी हातात आहे असं धरून चाललो, तरी कुठली बंदूक हा प्रश्न उरतोच. तो जोरावर सुटतो. एअर रायफलचा छर्रा नळीतून सुटताना फार तर २० ज्यूल घेऊन निघतो. पॉइंट टू-टू इंच नळीच्या छोट्या रायफलची साधी गोळी सव्वाशे ते दीडशे. आपल्या सरकारी कारखान्याच्या तीनशेपंधरा, म्हणजे .३१५ इंच नळीच्या रायफलची गोळी अडीच-तीन हजार. मोठ्या डुकराच्या खांद्यावर चरबी आणि राठ कातड्याचा जो थर असतो, त्यात एअर रायफलचा छर्रा रुतून बसतो. जनावर मरत नाही, पळतं, जखम चिघळते, आणि पुढच्या आठवड्यात सकाळी पाणी धरायला गेलेल्या बाईच्या अंगावर तेच येतं. चार पैसे वाचवून हा धोका विकत घेण्यात शहाणपण नाही. डुकरासाठी एअर रायफल नकोच. पॉइंट टू-टूचंही तेच: परवान्याची सगळी यातायात करायची आणि हातात पडतं ते कागदावर नेम धरायचं हत्यार.

मग तीनशेपंधरा? इशापूरच्या कारखान्याची ही बोल्टची रायफल जुन्या लोकांना माहीत आहे. साधी, दणकट, बिघडायला फारसं काही नसलेली. डुकराला एका गोळीत बसवायची ताकद तिच्यात नक्की आहे. माझी अडचण वेगळीच आहे. सोलापूरचा मुलूख सपाट. दोन वस्त्यांच्या मध्ये ना टेकडी ना दाट झाडी, नुसतं माळरान आणि तूर. चुकलेली रायफलची गोळी किलोमीटरच्या किलोमीटर जाते, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात तुम्हाला डुकराचे डोळे तेवढे दिसतात, पलीकडच्या वस्तीवर बाजेवर झोपलेला माणूस दिसत नाही. मचाणावरून खाली, मागे मातीचा बांध असेल अशा कोनात बार टाकता येत असेल तरच या रायफलचा विचार करावा. असं शेत आपल्याकडे किती जणांचं आहे?

बाराबोर, म्हणजे गुळगुळीत नळीची छर्ऱ्यांची बंदूक, इथे सरस ठरते. छर्ऱ्यांचं काडतूस पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढे ढिलं पडतं, आणि हाच तिचा मोठा गुण आहे. मांडवाशी आलेल्या डुकराला तेवढं अंतर पुरतं. शेजाऱ्याच्या गोठ्यापर्यंत रायफलच्या गोळीएवढा जोर उरत नाही. (एकगोळी काडतुसाची गोष्ट वेगळी, ते लांब जातं.) परवान्याच्या बाबतीतही तिचं पारडं जड आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात संरक्षणासाठी वीस इंचांपेक्षा आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. रायफलसाठी मात्र गरज पटवून द्यावी लागते. वापरलेली दुनळी परवानाधारकाकडून रीतसर नावावर करून घेता येते आणि नव्या रायफलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. घेताना नळी उजेडाकडे धरून आतून पाहा. गंजाचे खड्डे दिसले, किंवा नळी बंद केल्यावर सांध्यात खुळखुळ वाटली, तर किंमत कितीही कमी असो, परत ठेवा.

परवान्याचं काम सोपं नाही, हे सांगायलाच हवं. शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीणला जिल्हाधिकारी कार्यालय. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, घरात बंदूक कुलपात ठेवण्याची सोय दाखवावी लागते. परवाना पाच वर्षांचा. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा निरोप बहुतेकदा येतो, आणि आपल्याकडे कुठली ना कुठली निवडणूक चालूच असते.

नान्नज, मार्डीकडच्या लोकांनी आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, आणि अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. अभयारण्यात लेखी परवानगीवाचून कुठलंही हत्यार नेता येत नाही. मोटारसायकलला एअर रायफल अडकवून "नुसतं फिरायला" जाणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

एवढा खटाटोप वाचून झाल्यावर कुणी विचारेल, मग शेतकऱ्याने करायचं काय? माझं मत सरळ आहे: बंदुकीच्या पैशात सौरऊर्जेवरचं झटका मशीन घ्या. कुंपणाच्या तारा दोन-तीन पुरतात, पण सगळ्यात खालची तार वीतभर उंचीवरच हवी, कारण डुक्कर सहसा उडी मारत नाही, मुसंडी मारून खालून घुसतं. तारेखालचं गवत कापत राहा, नाहीतर करंट जमिनीत उतरतो आणि मशीन नुसतं टकटक करत बसतं. मेनलाईनचा आकडा तारेला कधीही लावू नका; त्याने माणसं मेली आहेत आणि मालक आत गेले आहेत. नुकसान झालंच तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे भरपाईचा अर्ज द्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. भरपाई तुटपुंजी असते, पण अर्ज दिलाच नाही तर तीही नाही. बाराबोर घ्यावी ती ज्याचं शेत मोठं आहे, वस्तीवर कायम राहणं आहे आणि संरक्षणाचंही कारण आहे त्याने.

राहिली हौस. इथे मात्र एअर रायफल पैसे वसूल करते. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणल्यापासून घरोघरी पोरं मागे लागली आहेत. तो प्रकार पॉइंट टू-टूचा, पण नवशिक्याची सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलनेच होते. स्प्रिंगची, नळी सांध्यात खाली वाकवून, म्हणजे 'मोडून' भरायची देशी बंदूक दहा-पंधरा हजारांच्या आसपास चांगली मिळते. हवा भरून ठेवायची पीसीपी तिच्या दुप्पट-तिपटीने, वर पंपाचा खर्च. पीसीपीला धक्का जवळजवळ नाही, नेम लवकर जमतो. पण पोराची हौस टिकते की नाही हे कळेपर्यंत स्प्रिंगवालीच बरी. एकदम स्वस्तातली मात्र टाळा. तिचा ट्रिगर जड आणि अडखळणारा असतो. पोराला वाटतं आपलाच हात हलतोय, आणि महिन्याभरात बंदूक माळ्यावर जाते.

दुकानात नळी मोडून बंद करा आणि बाजूने हलवून पाहा. सांधा जरासुद्धा ढिला नको. नळीत तेल सोडून "गुळगुळीत" करून देणाऱ्याला थांबवा, दाबाने ते तेल आत पेटतं आणि सील जातं. पेलेट, म्हणजे छर्रा, न भरता रिकामा बार काढू देऊ नका. घरी आणल्यावर दहा मीटरवर कागद लावा, मागे पोत्यात माती भरून ठेवा आणि दस्ता हलक्या हाताने धरून एकाच जागी पाच पेलेट मारा. स्प्रिंगची बंदूक आवळून धरली की नेम पसरतो. दोन-तीन कंपन्यांचे पेलेट आणून बघा. एकाच बंदुकीत एकाचा पुंजका नाण्याएवढा येतो आणि दुसऱ्याचा वाटीएवढा. स्कोपची, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीची, घाई नको. स्प्रिंगचा धक्का पुढे-मागे दोन्हीकडे बसतो आणि स्वस्त स्कोपच्या आतली भिंगं त्याने सुटतात. शिवाय नवशिक्यांच्या स्पर्धा ओपन साईटवरही, म्हणजे नळीवरच्या साध्या नेमखुणांवरही होतात. त्या पैशात पेलेटचे चार डबे जास्त घ्या.