उत्पादकतेची पुस्तकं आणि ‘देश श्रीमंत का होतात’: काही महिन्यांच्या वापरानंतर

कामाचा उरक वाढवायला शिकवणारी पुस्तकं आणि काही देश श्रीमंत का होतात हे सांगणारी पुस्तकं मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर एकाच ढिगात सापडतात. पावसाळ्याआधीपासून दिवाळीपर्यंत त्यांतल्या पद्धती मुंबईच्या नोकरीत वापरून झाल्यावर मत असं, की ती वापरायचीही एकत्रच.

२५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिल्लोची ‘पोमोडोरो’ पद्धत ऑफिसच्या टेबलावर झकास चालते, विशेषतः हिशेब तपासण्यासारख्या कंटाळवाण्या कामांना. लोकलमध्ये उपयोग शून्य. अंधेरीला गर्दी आत घुसली की फोन खिशातून काढणंही मुश्कील. तिथे कानांनी होईल तेवढंच ठेवा.

‘दोन मिनिटांत होणारं काम लगेच उरका’ हा नियम लोक हमखास चुकीचा वापरतात. तो आलेली कामं निवडायला बसलो असताना लावायचा असतो, दिवसभर नाही. दिवसभर पाळला तर प्रत्येक व्हॉट्सॲप मेसेज दोन मिनिटांचाच वाटतो आणि अख्खी सकाळ त्यातच जाते. निवडीला सकाळी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास पुरतो.

खरा पैसा वसूल होतो तो ‘कोणाकडे अडलंय’ या यादीत. शंभर पानी वहीत चार रकाने आखा: काय, कोणाकडे, कधी दिलं, कधीपर्यंत मिळायला हवं. चौथा रकाना कोरा राहिला की यादी मेलीच. आणि तो भरणं आपल्या शिस्तीवर नाही, समोरच्याला मुदत बांधलेली आहे की नाही यावर ठरतं. ‘उद्या बघतो’ला तारीख नसते.

इथे दुसऱ्या प्रकारची पुस्तकं, म्हणजे देशांच्या श्रीमंतीवरची, कामाला येतात. २०२४चं अर्थशास्त्राचं नोबेल असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना मिळालं ते संस्था (म्हणजे समाज चालवणारे नियम आणि व्यवस्था) आणि समृद्धी यांच्या नात्यावरच्या कामासाठी. त्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे अमेरिका-मेक्सिको सीमेवरचं, कुंपणाने दुभागलेलं नोगालेस शहर. हवामान तेच, माणसंही बरीचशी तीच, पण अमेरिकेकडची बाजू मेक्सिकोकडच्या बाजूपेक्षा श्रीमंत, कारण दोन्हीकडचे नियम वेगळे.

आपल्याकडे चौथा रकाना भरून देणारा नियम आहे: महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. दाखला हवा असेल तर ‘आपले सरकार’वर आधी सेवा अधिसूचित (म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेली) आहे का आणि तिची मुदत किती, ते बघा. अधिसूचित नसेल तर हा कायदा लागू नाही. अर्ज केल्यावर पोचपावतीचा क्रमांक वहीत उतरवून घ्या. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. बहुतेकांचं गाडं कागदांवर अडतं: मुदत पूर्ण अर्जापासून मोजतात, त्यामुळे एक अस्पष्ट स्कॅन राहिला तरी आपण मोजत बसलेले दिवस फुकट. त्रुटीचा निरोप आलाय का, हे दर दोन दिवसांनी बघत जा.

आठवड्याचा आढावा रविवारी घ्या असं सांगतात, ते इथे जमत नाही. राज्य सरकारची बहुतेक कार्यालयं २०२०पासून शनिवारीही बंद असतात. शुक्रवारी दुपारी तीनला वही उघडा, म्हणजे तारीख उलटलेल्यांना त्याच दिवशी फोन लावता येतो.