नाल्याची नोंद: नकाशावर की ग्रुपवर?

कोल्हापुरात पंचगंगेला मिळणाऱ्या जयंती किंवा दुधाळी नाल्याच्या प्रदूषणावर लक्ष ठेवायचं, तर गुगल माय मॅप्स (स्वतःच्या खुणा टाकून नकाशा बनवायची सोय) बरं की व्हॉट्सॲप-फेसबुक?

सोशल मीडियाचा जोर वेगात. मेलेल्या माशांचा फोटो तासाभरात सगळ्या पेठांत फिरतो. पण महिन्याने तोच फोटो शोधून काढा बघू! शिवाय व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्यातलं जीपीएस ठिकाण गळून जातं; डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकतं.

नकाशा संथ, पण तक्रारीला तोच उपयोगी. स्प्रेडशीटमध्ये तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, पाण्याचा रंग, वास असे रकाने करून ती फाइल माय मॅप्सच्या लेयरमध्ये (नकाशावरच्या थरात) आयात करा; प्रत्येक नोंदीची एक पिन, म्हणजे खूण, नकाशावर येते. अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हापुढे 5 अंक ठेवा, म्हणजे जागा मीटरभरात नेमकी येते. 2 अंकांवर थांबलात तर पिन अर्धा किलोमीटर सरकू शकते. कोल्हापूरचा अक्षांश 16.7, रेखांश 74.2 च्या आसपास. हे दोन रकाने उलटे जोडले तर रंकाळा तलावातलं केंदाळ थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसतं!

म्हणून आधी पिन, मग तिची लिंक ग्रुपवर. दुर्मिळ पक्ष्याचं घरटं मात्र दोन्हीकडे टाकू नका. शिकारी आणि हौशी फोटोवाले दोघंही तिथे पोचतात.