खानदेशातून ट्राउटच्या तयारीला: फ्लाय रॉड, रीळ आणि लाईन यांची पारख

९ फुटी, ५ वेटचा (वेट म्हणजे लाईनच्या वजनाचा क्रमांक), चार तुकड्यांचा, मध्यम किंवा मध्यम-वेगवान ॲक्शनचा (वाकून सरळ होण्याच्या वेगाचा) रॉड. हलकं, मोठ्या अर्बरचं (जाड मधल्या गाभ्याचं) रीळ आणि त्याचं एक जादा स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायची फिरकी. लाईन, म्हणजे फेकायची ती दोरी, मात्र दोन: एक गार पाण्याची, एक उष्ण पाण्याची. जळगाव, धुळे, नंदुरबारला राहून ट्राउट हा थंड पाण्यातला मासा फ्लायने, म्हणजे पिसा-दोऱ्याच्या नकली किड्याने, धरायची हौस करणाऱ्यासाठी आमची निवड ही आहे. पैसे कमी पडत असतील तर रॉडमध्ये काटकसर करा, लाईनमध्ये करू नका.

ट्राउट आपल्याकडे नाही. पाणी वीस अंशांच्या वर चढलं की हा मासा हैराण होतो, त्यामुळे तापी-गिरणेत तो जगण्याचा प्रश्नच नाही. इथला माणूस त्याच्यासाठी हिमाचल गाठतो: तीर्थन, बारोटची उहल, सांगल्याकडची बास्पा, रोहडूची पब्बर. कुलू खोऱ्यात ब्राउन ट्राउट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोडला गेला आणि तिथे तो रुजला. पण वर्षातले चार-सहा दिवस तिकडे, आणि उरलेलं वर्ष सराव इथेच, हतनूर धरणाच्या फुगवट्यात, वाघूरवर किंवा गिरणेच्या बंधाऱ्यांवर चिलापी आणि खवल्या या माशांच्या मागे. एकच सामान दोन टोकांच्या हवामानात वापरायचं आहे. परदेशी परीक्षणं हा विचार करत नाहीत, कारण ती थंड मुलखात बसून लिहिलेली असतात.

लाईनपासून सुरुवात करू, कारण फ्लाय फिशिंगमध्ये फेकलं जातं ते लाईनचं वजन. फ्लायला वजन नसतंच म्हणा ना. ५ वेट म्हणजे लाईनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, जेमतेम ९ ग्रॅम. ४ वेटला १२०, ६ वेटला १६०. ही ९ ग्रॅमची दोरी हवेत सरळ उलगडली तर फ्लाय हव्या त्या दगडाआड पडते, आणि ती उलगडणं अवलंबून असतं गाभ्यावर आणि आवरणावर.

ट्राउटच्या बहुतेक लाईनचा गाभा विणलेल्या नायलॉनचा आणि आवरण मऊ पीव्हीसीचं असतं. गार पाण्यात ती लवचीक राहावी, वेटोळी धरू नये म्हणून हा मऊपणा. हीच लाईन एप्रिल-मे महिन्यात हतनूरच्या काठावर काढली की आवरण आणखी ढिलं पडतं. लाईन लुळी होते, रॉडच्या कड्यांना चिकटते, हाताने सोडलेली लाईन पुढे सरकत नाही आणि कास्ट (लाईनची फेक) दोन-तीन मीटर आखूड पडतो. नवखा माणूस दोष हाताला देतो आणि जास्त जोर लावायला लागतो. तिथून सगळा सराव बिघडतो. याच्या उलट, उष्ण प्रदेशासाठीच्या लाईनचा गाभा बहुधा मोनोफिलामेंटचा आणि आवरण कडक असतं. ४२-४५ अंशांच्या हवेत ती ताठ, गुळगुळीत राहते. पण तीर्थनच्या पाण्यात तीच लाईन स्प्रिंगसारखी गुंडाळलेली राहते. पाण्यावर सरळ पडत नाही, मासा टोचला तरी हाताला कळत नाही. ताणून सरळ केली तरी पाच मिनिटांत परत तशीच.

म्हणून दोन लाईन. गार पाण्यासाठी रिओ गोल्ड, डब्ल्यूएफ-५-एफ. म्हणजे पुढे जड, ५ वेटची, तरंगणारी. लहान-मोठ्या दोन्ही फ्लाय ती नीट वाहून नेते. सायंटिफिक अँगलर्सची एमपीएक्स हीसुद्धा चांगली, मात्र ती ठरलेल्या वजनापेक्षा अर्ध्या वेटने मुद्दाम जड केलेली आहे, आणि रिओची ग्रँड पूर्ण एका वेटने. वेगवान रॉड जवळच्या कास्टला वाकत नाही, तिथे अशा जड लाईनचा फायदा होतो. मऊ रॉडवर चढवली तर रॉड गळून जातो आणि लूप (हवेत उलगडणारी लाईनची घडी) कोसळतो. घरच्या पाण्यासाठी डब्यावर ट्रॉपिकल किंवा वॉर्मवॉटर लिहिलेली कुठलीही मध्यम किमतीची ५ वेटची तरंगती लाईन चालेल. इथे महागडा टेपर (लाईनची निमुळती घडण) लागत नाही, उन्हाला टिकणारं आवरण लागतं. एअरफ्लोच्या लाईन पीव्हीसीऐवजी पॉलियुरेथेनच्या असतात. कीटक पळवायचं मलम, पेट्रोल यांना त्या जास्त दाद देत नाहीत, आणि आपल्याकडे ही बाब छोटी नाही. डास पळवायच्या मलमातलं डीईईटी पीव्हीसी विरघळवतं. संध्याकाळी काठावर मलम लावलेल्या हाताने लाईन धरली की आवरणाला भेगा पडतात आणि टोक बुडायला लागतं. मलम मनगटाच्या वर लावा किंवा हात साबणाने धुऊन मगच लाईनला हात घाला.

आता रॉड. ऑर्विस क्लिअरवॉटरचा ९ फुटी ५ वेट हा आमचा पहिला पर्याय. मध्यम-वेगवान, ६ ते १५ मीटरपर्यंत विश्वासाने टाकतो, आणि धरणावरच्या वाऱ्यात अगदीच हतबल होत नाही. कंपनीची हमी २५ वर्षांची आहे. त्याहून स्वस्त रेडिंग्टन क्लासिक ट्राउट. ॲक्शन मध्यम, वाक पार खालच्या तुकड्यापर्यंत जातो. तीर्थनमध्ये मोठमोठ्या धोंड्यांमधून ६-८ मीटरचे कास्ट असतात, तिथे हा रॉड क्लिअरवॉटरपेक्षा सुखाचा आहे. आखूड लाईनवरही वाकतो आणि बारीक टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा दोरा) तुटू देत नाही. पण दुपारचा पश्चिमेचा वारा सुटला की हतनूरच्या उघड्या पाण्यावर त्याच्याकडून काही होत नाही. ज्याला इथे फक्त पहाटेच सराव करायचा आहे त्याने क्लासिक ट्राउट घ्यावा, बाकीच्यांनी क्लिअरवॉटर. त्याच्या तिप्पट किमतीचे रॉड हलके आणि नेमके असतात हे खरं. मात्र तो फरक हातात उतरायला आधी कास्ट बसलेला असावा लागतो.

आणखी एक. ५ वेटवर मोठा कटला-रोहू धरायचा मोह टाळा. चार-पाच किलोचा मासा या रॉडवर थकून अर्धमेला होईपर्यंत ओढावा लागतो, सोडला तरी जगत नाही. त्यासाठी ७-८ वेटचा वेगळा रॉड लागतो.

विकत घेतानाच हमीची पत्रं वाचा. तुटलेला तुकडा बहुधा बाहेरदेशी पाठवावा लागतो, तो खर्च कोणाचा हे दुकानदाराकडून लिहून घ्या. तुटतो तो बहुतेकदा टोकाचा तुकडा, आणि क्वचितच माशामुळे. मासा पायाशी आल्यावर रॉड खांद्याच्या मागे नेला की टोक उभं दुमडतं. मण्याची जड फ्लाय कास्टमध्ये कांडीवर आदळते, बारीक चरा पडतो आणि पुढच्या वेळी तिथेच तडकतो. गाडीचं दार आणि घरातला छताचा पंखा, हे दोन शत्रू वेगळेच. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. पाटचारीच्या कडेला, शेतातल्या लोंबत्या तारांखाली कास्ट करू नका, आणि वळवाचे ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवून काठ सोडा.

काळ्या मातीची धूळ सांध्यांमध्ये घुसते. जोडण्याआधी आतला भाग कोरड्या फडक्याने पुसा, आठवड्यातून एकदा साध्या मेणबत्तीचा हलका हात फिरवा. सांधा अडकला तर पक्कड लावू नका. आतल्या तुकड्याला बर्फ लावा, आकसला की सुटतो. कास्ट करताना तुकडे हळूहळू सैल होतात, अर्ध्या तासाने एकदा हात फिरवून घ्या. सैल सांध्यावर ताण आला की तिथे कांडी चिरते.

रिळाबद्दल थोडक्यात. ट्राउटला रीळ हे मुख्यतः लाईन ठेवायचं भांडं. रेडिंग्टन झिरो अतिशय हलकं, साधं क्लिक-पॉलचं (दातेरी चाकावर टकटकणाऱ्या खिट्टीचं), उघडून पुसता येतं. लॅम्सन लिक्विडचा ड्रॅग (लाईन सुटताना लागणारा ब्रेक) बंदिस्त आहे, आत धूळ जात नाही. आपल्या काठांसाठी आम्ही लिक्विडच सुचवू, आणि जादा स्पूलसह. आधी २० पौंडी डॅक्रॉनचं बॅकिंग (लाईनखालचा जादा दोरा) भरा, मग लाईन. कडेपासून निदान ५ मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर घाईत एकीकडे गुंडाळलेली लाईन चौकटीला घासते. स्पूलवर कुठली लाईन आहे ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा. गाडीच्या डिकीत उन्हाळ्यात रीळ ठेवू नका.

हतनूरच्या पाण्यातलं शेवाळ आणि गाळ लाईनवर बसला की टोक बुडतं. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, ओल्या फडक्यातून लाईन ओढून घ्या, साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा.

सरावाची जागा निवडताना हेही पाहा की धरणांवरची मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. संस्थेला विचारून, त्यांच्या जाळ्यांपासून लांब उभे राहा. चिलापीसाठी उथळ, तळ दिसणारी कड पाहा, १२-१४ नंबरची लहान निंफ (पाण्याखालच्या अळीसारखी फ्लाय), सावकाश ओढ. हिमाचलमध्ये ट्राउटचा हंगाम मार्च ते ऑक्टोबर, आणि परवाना मत्स्य विभागाचा लागतो.

शेवटी लीडर, म्हणजे लाईन आणि फ्लाय यांच्यामधला निमुळता दोरा. ९ फुटी, ५ एक्स (एक्स म्हणजे टोकाच्या जाडीचा आकडा) हा तीर्थनसाठी मध्यममार्ग. एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मिळते: ५ एक्स म्हणजे ६ भाग, सुमारे ०.१५ मिलिमीटर. ४ एक्स ०.१८, ३ एक्स ०.२०. फ्लायच्या नंबराला ३ ने भागा, साधारण टिपेटचा एक्स येतो. १४-१६ नंबरच्या फ्लायला ५ एक्स, १२ ला ४ एक्स. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाने तापून नायलॉन कमजोर होतं. ऊन खाल्लेलं नायलॉन दिसायला नवंच दिसतं. मागच्या उन्हाळ्यात काठावर नेलेल्या टिपेटचा हातभर तुकडा भुसावळहून गाडी धरायच्या आधी गाठ मारून ओढून पाहा, आणि गाठीपाशी न तुटता मधेच तटकन तुटला तर ते गुंडाळं घरीच ठेवा.